हातोडीशेजारची खुर्ची

सुमनताईंच्या भाचीचा, दीपाचा फोन आला तेव्हा मी सणसवाडीत एका लग्नाच्या मांडवात खांब कुठे रोवायचा यावरून नवऱ्यामुलाच्या मामाशी भांडत होतो. "काका, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. मी तिथेच सतरंजीच्या गठ्ठ्यावर बसलो... मामाने म्हटलं तिथे खांब रोवला गेला. मांडवाच्या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण भांडण अर्धवट सोडून मी पहिल्यांदाच बसलो.

सुमनताईंना जाऊन आता महिना होत आला. त्या दौंडच्या. अंगणवाडीची नोकरी संपल्यावर त्या गावोगाव घरातल्या जुन्या वस्तूंची प्रदर्शनं भरवू लागल्या. खुटबावच्या पहिल्या प्रदर्शनासाठी त्या माझ्या गोडाऊनवर आल्या आणि म्हणाल्या, टेबलं थोडी द्या, खुर्च्या भरपूर द्या. मला वाटलं, भाषणं असतील. तर म्हणे प्रत्येक वस्तूशेजारी एक खुर्ची! "वस्तू एकटी ठिवायची न्हाई. ज्याची हाय त्यो शेजारी बसंल आन् सांगंल." हाच त्यांचा नियम. एकही वस्तू त्यांनी स्वतःकडे गोळा केली नाही. ज्याच्या घरची वस्तू त्याने ती सकाळी आणायची, दिवसभर तिच्यापाशी बसायचं, संध्याकाळी घरी न्यायची. काच नाही, चिठ्ठी नाही. बसायला माणूस नसेल तर वस्तू मांडायची नाही. शिवाय एक खुर्ची त्या नेहमी जादा मागायच्या आणि तिच्या भाड्यावरून हमखास वाजायचं. "शेठ, रिकाम्या खुर्चीचं कसलं भाडं?" पण ती रिकामी राहायची नाही. दुपारपर्यंत कोणीतरी न बोलावता, फडक्यात काहीतरी गुंडाळून यायचंच. सणसवाडीत एकदा कंपनीतली शिफ्ट संपवून एक बिहारी कामगार आला. हातात आईने दिलेला पितळी लोटा. "हमारा भी चलेगा क्या?" ताईंनी त्याला बसवलं. बायका उभ्या राहून त्याच्या आईची चौकशी करत राहिल्या. खुर्ची भरली म्हणून मी भाडं मागितलं, तर ताई म्हणाल्या, "आता तर पाव्हणा बसलाय. पाव्हण्याचं भाडं घेता व्हय?"

त्यांची स्वतःची वस्तू म्हणजे खडी फोडायची हातोडी. त्यांच्या आईने दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर त्याच हातोडीने दगड फोडले होते. दांड्यावर अंगठ्याची जागा झिजून खोल गेलेली. यात कसला आलाय इतिहास, असं एका पुढाऱ्याने हसून विचारलं. "तुमची गाडी कुठल्या रस्त्यानं आली?" ताईंनी उलट विचारलं. त्याने रस्ता सांगितला. "त्योच ह्यो," म्हणाल्या आणि हातोडी त्याच्या हातात दिली.

आता माझं दुखणं सांगतो. आम्ही कवठे येमाईचे, मेंढरांमागचे. आबांच्या पिढीत शेती आली, माझ्या हाताला मांडव लागला. शिरूरला एका उत्सव समितीने आपल्या महोत्सवात ताईंना प्रदर्शन भरवायला बोलावलं होतं. आमचे आबा लोकर कातरायची कातर घेऊन, धुतलेलं धोतर नेसून बसले होते. प्रमुख पाहुणे उशिरा आले, खुर्ची कमी पडली. समितीचा एक जण आबांना म्हणाला, "बाबा, उठा. साहेबांना बसू द्या." आबा उठले. उठायची सवयच त्यांना... खुर्ची माझी, पाठीवर रंगाने माझं नाव, आणि तिच्यावरून माझा बाप उठवला! मी शिडीवर चढून वायर बांधत होतो. खाली उतरलो असतो तर काय केलं असतं कोण जाणे. पण त्याआधी माईक ताईंच्या हातात होता. "साहेब, ती खुर्ची कातरीची हाय. आबा बसतील. तुम्ही हुभं ऱ्हाऊन ऐका." साहेब उभे राहिले. मेंढराला इजा न होता लोकर कशी काढायची, हे आबांनी इतकं सावकाश सांगितलं की भाषणाला वेळच उरला नाही. त्यानंतर समितीने ना ताईंना बोलावलं, ना मला काम दिलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

गेल्या आठवड्यात त्याच समितीचे दोघे गोडाऊनवर आले. ताईंच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवायचंय, मोठा फोटो लावायचाय, मांडव तुमचा आणि कोणत्या घरात काय आहे तेही तुम्हालाच ठाऊक, म्हणाले. मी विचारलं, खुर्च्या?

"पुढं सोफे. वस्तूंपाशी खुर्च्या नको, गर्दीला अडचण हुती. वस्तू काचंत ठिवू, खाली नाव लिहू."

"आन् माणसं?"

"माणसं कशाला?"

मी सौदा टाकला. मांडव फुकट, पण वस्तूशेजारी खुर्ची पाहिजे. ते हसायला लागले. "शेठ, तुम्ही आन् फुकट?" मग एक जण समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई गेल्या, आता हट्ट कशाला धरता?" चहा अर्धा होता. तो तसाच ठेवायला लावून मी दोघांना फाटक दाखवलं. मग ते घरोघर फिरले. खुटबावच्या आजींची वस्तू म्हणजे ऊसतोडीचा कोयता. तोच हातात धरून त्या म्हणाल्या, "मला सोडून ह्यो कुठं जायाचा न्हाई." बाकीच्या घरांतूनही ते मोकळ्या हातांनीच परतले.

येत्या रविवारी ताईंचं प्रदर्शन माझ्या गोडाऊनमध्ये आहे. आबा कातरीपाशी बसतील. ताईंची भाची दीपा हातोडीपाशी बसायचं म्हटल्यावर कचरत होती. "काका, आजीला खडी फोडताना मी पाहिलंच नाही. काय सांगू?" मी म्हटलं, "आत्यानं साहेबाला हुभं केलं तवा तू तिथंच हुतीस ना? ते सांग." ती बसणार आहे.

खुर्च्या पुसून झाल्या आहेत. एक जादा काढली आहे, तिच्या भाड्यावरून भांडायला आता कोणी नाही... ती, जो फडक्यात काहीतरी गुंडाळून येईल त्याची. समितीलाही निमंत्रण धाडलं आहे आणि त्या साहेबांनाही. जरूर यावं. उभं राहून ऐकायला जागा भरपूर ठेवली आहे.