एक्केचाळीस खुंट

बुरुल आपाच्या हातात सुरी असली की कारा-आर्चा गावात तिला उलट बोलायची कुणाची छाती होत नसे. सुरी नसली तरी फारसं कुणी धजावत नसे म्हणा. लोकरीचे जाड नमदे कापणारी बाई ती. साठी उलटली तरी खडूच्या रेघेवरून तिची सुरी केसभर ढळायची नाही, आणि जीभही तशीच सरळ चालायची.

तिचा नवरा उस्मोन गावामागच्या आर्चाच्या जंगलाचा राखणदार होता. आर्चाचं झाड वाढायला माणसाच्या तीन पिढ्या जातात; उस्मोनला तिथलं एकेक झाड ओळखीचं. एका वर्षी वनकचेरीच्या तेव्हाच्या साहेबानेच पाहुणेघर बांधायला झऱ्याकाठची एक्केचाळीस झाडं पाडली. उस्मोनने वर तक्रार लिहिली. चौकशी झाली आणि चोर ठरला कोण, तर उस्मोन! नोकरी गेली. गाव तोंडावर गप्प आणि पाठीमागे कुजबुजणारं. दोन वर्षांत तो झुरून गेला. बुरुलचा राग मात्र तसाच धुमसत राहिला, आणि तो विझावा असं तिला वाटतही नव्हतं.

पुढे साहेब बदलला. नवा कुबात, शहरात वाढलेला, मनाने भला पण घाबरट. त्याने झऱ्याजवळ एक लाकडी मंडप उभारला आणि गावच्या बायकांना बोलावलं.

"इथे गावाची कला हवी, आपा. बाहेरचं काही नको. तुमच्या मनात असेल ते करा."

"मनात असेल ते?"

"अगदी तेच."

"शाकेन, ऐकलंस ना?" बुरुल शेजारणीकडे वळली. "उद्या साक्ष द्यावी लागेल."

हिवाळाभर बुरुलच्या घरी शिरदाकाचं, म्हणजे नक्षीदार नमद्याच्या गालिच्याचं, काम चाललं. लाल नि काळा असे दोन नमदे एकावर एक ठेवून सुरी दोन्हींतून एकदम चालवायची. मग लालातला तुकडा काळ्याच्या भोकात बसवायचा, काळ्यातला लालात. एका कापणीत दोन शिरदाक होतात, रंग तेवढे उलटे. एक मंडपासाठी, दुसरा बुरुलच्या धाकट्या लेकीच्या, बेर्मेतच्या, रुखवतात द्यायचा असं ठरलं. मधोमध मेंढ्याची शिंगं, आणि काठाने सारखे गोल.

"अगं, किती हे गोल!" शाकेन बोट चोखत म्हणाली. "सुईने चाळण झाली माझ्या बोटांची. चाळीसवर भागव की!"

"त्यांनी चाळीसवर भागवलं होतं का?"

शाकेनने नवा दोरा ओवला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लाल शिरदाक मंडपात चढला. कुबात खूश होऊन काठावरून बोट फिरवू लागला.

"हे सूर्य ना, आपा?"

"खुंट आहेत. मोजून बघ."

अर्ध्यातच त्याचा चेहरा उतरला. "उद्या प्रांताचे मोठे साहेब येतायत, आपा. यांच्यावर फुलं शिवता येतील का?"

"येतील की. हे घे, सुई देते. शिव."

कुबातने सुई घेतली नाही. संध्याकाळी बघतात तर मंडप रिकामा! ओल लागली म्हणून वाळवायला नेलाय, असा कचेरीतून निरोप आला, आणि कचेरीला कुलूप. शाकेन रडायला लागली. बुरुलला रडू आलं नाही, अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिने पेटी उघडली आणि मग मात्र तिचे हात थबकले. रुखवतातली वस्तू ती.

"बघतेस काय, आई?" बेर्मेत म्हणाली. "एक टोक मी धरते."

सकाळी मंडपात काळा शिरदाक लटकत होता. काळ्यावर लाल खुंट. आर्चाचं लाकूड आतून लालसरच असतं, त्यामुळे कालच्यापेक्षा हे जास्त खरे दिसत होते.

"एका रात्रीत कसा केलात?" कुबात चाचरत म्हणाला.

"तुझ्या आईला विचार, पोरा. तुमच्या घरातल्या शिरदाकाचं जुळं कुठे गेलं म्हणावं."

तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनीही काठाकडेच बोट केलं. "हे काय?"

कुबात दोन पावलं मागे सरकला.

"पाडलेली झाडं आहेत, साहेब," बुरुल खणखणीत आवाजात म्हणाली. "एक्केचाळीस. तुमच्या कागदात ती माझ्या उस्मोनने चोरलीत. त्यांच्या लाकडाचं पाहुणेघर ते समोर दिसतंय. उस्मोन त्यात एक दिवस राहिला नाही."

साहेब घड्याळ बघून चहाचं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा पुढे आला. कुजबुजण्यात एके काळी तोच पहिला होता. त्याने दोन्ही तळवे उघडे धरले आणि उस्मोनचं नाव घेऊन दुवा मागितली. दुवेला हात न उचलणारा माणूस आमच्यात नाही. सगळ्या गावाने तळवे उचलले, कुबातने उचलले, आणि मोठ्या साहेबांनाही उचलावे लागले. "ओमिन," म्हणत सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आता मात्र बुरुलला रडू आलं.

आठवड्याने कुबात लाल शिरदाक खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

"वाळला, आपा."

"थांब जरा," म्हणत बुरुलने तो उंबऱ्यातच उलगडला आणि त्याच्यासमोर एकेका खुंटावर बोट ठेवत एक्केचाळीस मोजले. मग बेर्मेतच्या पेटीत ठेवला.