पायात कडी असलेला धोबी

जाळ्यात अडकलेला पक्षी ज्या बाजूने शिरला, त्याच बाजूने काढायचा असतो. उलटा ओढला तर पंख मोडतो. तळ्यावर पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचा अभ्यास करणाऱ्या मेधाताई आज सकाळी एक धोबी पक्षी सोडवत होत्या. त्याच्या पायात आधीच कडी होती, त्यांनीच घातलेली, आता झिजलेली.

“आलास का रे परत?” त्या म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. अभ्यासाची परवानगी आजच संपत होती. ती वाढवून मागितली तेव्हा वनखात्याच्या कचेरीतले साहेब नकार देत म्हणाले होते, “इतकी वर्षं तेच करताय. नवीन काय सापडलं?” आणि तळ्यावरून होऊ घातलेल्या रस्त्याला आम्ही विरोध केला की हेच साहेब विचारतात, “पक्षी कमी झाले, याला पुरावा काय?” पुरावा मागायचा आणि तो जमूही द्यायचा नाही. यातून आम्ही कुठल्या बाजूने बाहेर पडायचं? तळं वाचवा म्हणणाऱ्या माझ्या पत्रकांत घोषणा पुष्कळ आहेत, पण तळं रिकामं होतंय का, हे घोषणेला कळत नाही. त्यासाठी तोच पक्षी वर्षानुवर्षं पुन्हा हातात यावा लागतो.

मेधाताईंनी मूठ उघडली. धोबी तळहातावरच बसून राहिला.

“जा बाबा. पुढच्या हिवाळ्यात नाही आलास, तरी कुणाला कळणार नाही.”

तो उडाला. मी जाळ्याचे बांबू उपटायला घेतले.