आईनं स्कूटरवर बसून बघितलं

स्कूटरचं पत्र आलं तेव्हा मला डॉक्टर होऊन चार महिने झाले होते आणि घरात मोटारीची बोलणी पक्की होत आली होती. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. तेव्हा स्कूटर काही अशी दुकानात जाऊन मिळायची नाही. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. माणसाचं लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी नंबर लागायचा नाही. मी कॉलेजात असताना स्कॉलरशिपमधून नंबर लावला होता, तो आता लागला. पंधरा दिवसांत या, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल, असं पत्राच्या खाली टाइप केलेलं होतं.

आता आबा, म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत गुळाची अडत. माणूस सोन्यासारखा, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. बिद्रीकडचे एक साहेब निवृत्त होऊन गावाला चालले होते, त्यांची क्रीम रंगाची मोटार आबांनी माझ्यासाठी हेरून ठेवली होती. वर चालवायला ड्रायव्हर.

"डाक्टरीण बाई फटफट करत आली तर पेशंट नाडी बघू दील काय? दात काढतील की लोक!" हे त्यांचं रोजचं. "आणि घसरून पडलीस म्हंजे? लगीन व्हायचंय अजून."

मोटार मला आवडली नव्हती असं नाही. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण मोटारीबरोबर ड्रायव्हर येणार आणि ड्रायव्हर म्हणजे आबांचा माणूस. दुकानाच्या जीपचं मी लहानपणापासून बघत आले होते. नावाला घरची, पण जायची आबा म्हणतील तिथं आणि आबा म्हणतील तेव्हा. मला रोज दुपारी गल्लीबोळांतून बाळंतिणींना घरी जाऊन बघायचं होतं. त्यासाठी रोज 'आबा, आज गाडी मिळेल का' म्हणत उभं राहायचं? मग मिरजेच्या हॉस्टेलवर राहून अंगातल्या सगळ्या हाडांची नावं पाठ केली ती कशाला? मी काही गप्प बसणारी नव्हे. आठ दिवस आमच्या घरात जेवायला बसलं की भांडण ठरलेलं.

नवव्या दिवशी आबांनी चूक केली. हात धुता धुता म्हणाले, "तुझ्या आईला इचार. ती व्हय म्हणली तर घे जा स्कूटर."

त्यांची खात्री होती. लग्न झाल्यापासून आईनं त्यांच्यापुढं एकच वाक्य उच्चारलेलं, 'तुमी म्हनशीला तसं.' माझं तर अवसानच गेलं. संपलं सगळं, म्हटलं.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आदी बसून बघतो. बसल्याबगर कसं सांगू?" आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो'च म्हणतात, तशी ती म्हणाली.

"बसून कुटंपत्तर बघतीस?" आबा हसले.

"हुपरीपत्तर."

हुपरी आईचं माहेर. घरोघरी चांदीचं काम चालणारं गाव, आणि तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, पैंजण घडवणारा. आमच्याकडं बाई सासरहून माहेरी आपली आपण जात नाही. न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याबगर जाणं आईला फार कमीपणाचं वाटायचं. तिचा मुराळी म्हणजे हा एकच भाऊ, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली. तेव्हा आबांनी तिला जीपनं नेऊन भेटवून आणलं होतं. तासभर. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आत आबा घड्याळ बघत होते. त्यानंतर आई माहेरी राहायला म्हणून गेलीच नव्हती. कोण येणार होतं न्यायला? मी एवढी शिकलेली, पण तीन वर्षांत हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. खरं सांगते, मला माझी लाज वाटली.

मिरजेच्या मैत्रिणीच्या भावाची स्कूटर होती, मी तिच्यावरच शिकले होते. ती एका दिवसासाठी मागून आणली. सकाळी आई नऊवारीचा काष्टा घट्ट मारून बाहेर आली. मी सांगत होते, असं एका बाजूला बसायचं, हा हात इथं धरायचा. तिनं ऐकूनच घेतलं नाही. पाय टाकला आणि पुरुषासारखी दोन्हीकडं पाय सोडून मांड ठोकून बसली.

"तुझ्या पाचवारीत लटकत बसायचं ते तू बस. मी न्हाई पडायची. चल."

समोरच्या बायका दारात आल्या. आबा एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. काय सांगू, माझ्या आईचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. पंचेचाळिशीची बाई, आयुष्यात बैलगाडी, एसटी आणि ती जीप सोडून कशात बसलेली नाही, आणि माझ्या खांद्यावर नुसता एक हात ठेवून शहरातून ताठ मानेनं चालली होती. उचगावच्या पुढं एक सायकलवाला ओरडला, "ओ पावणं, जपून! मागं म्हातारी हाय!" आईनं मागं वळून त्याला सुनावलं, "म्हातारी तुजी आय! पुढं बघ, न्हाईतर खड्ड्यात जाशील!" मला हसू आवरेना. हँडल असं डगमगलं की खड्ड्यात आम्हीच जाणार होतो.

पट्टणकोडोलीच्या अलीकडं स्कूटर बंद पडली. मी किका मारून घामाघूम. मग प्लग काढला, पदरानं पुसला, परत बसवला. आई बांधावर बसून निवांत बघत होती. घाबरली नाही, चल माघारी म्हणाली नाही. गाडी चालू झाल्यावर एवढंच म्हणाली, "तुला दुरुस्त बी करता येती व्हय!" डॉक्टरकीचा निकाल लागला तेव्हा ती पाया पडली होती देवाच्या, पण माझ्याकडं बघून असं काही म्हणाली नव्हती. मी फुगले की.

हुपरीत मामाच्या दारात उतरलो. मामा पुढच्या खोलीत बाजेवर पडलेला, शेजारी त्याचा मुलगा ऐरणीवर चांदीची तार ठोकत बसलेला. मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "या की वन्सं! मुराळी कोण आला म्हणायचा?"

"ही काय," आईनं माझ्या पाठीवर थाप मारली. "माजी लेक. तिनं आणलं मला."

मामाला नीट बोलता येत नव्हतं. तो चांगल्या हातानं आईचा हात धरून रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. आई त्याच्या उशाशी बसली. तासाभरानं मीच सवयीनं म्हटलं, "निघायचं का आई?"

"तू जा," ती म्हणाली. "मी चार दिवस ऱ्हातो. मग ये मला न्यायला. आणि त्यास्नी सांग, बसून बघितलं म्हणावं. व्हय म्हणती."

परतीचा सगळा रस्ता मी एकटी आले. आबा दारातच होते. मागची रिकामी सीट बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आई कुटं हाय? पडली काय?"

"माहेरी राहिली. चार दिवस."

"आणि आणायला कोण जाणार?"

"मी."

ते कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "जीपनं गेलतो तवा ऱ्हातो म्हणली न्हाई ती."

"ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आबा."

त्यांनी मान हलवली. "त्या साहेबास्नी नको म्हणून कळवतो," म्हणाले. "तुझी स्कूटर घे." इतके दिवस भांडून मिळवलं, तर मी नाचायला पाहिजे होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मला नाचवेना.

चौथ्या दिवशी सकाळी मी परत मागून आणलेली ती स्कूटर बाहेर काढली, तर आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार.

"मला बी ने हुपरीला."

"अहो आबा, मग येताना आई कुठं बसेल?"

"तिच्या जाग्यावर," ते माझ्या मागं चढून बसत म्हणाले. "मी येतो की यष्टीनं."