टॉर्क कन्व्हर्टरवाला नवरदेव

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, तरी सांगतो! माझ्याच लग्नात मी माझी फजिती करून घेतली, तीही बँड लावून.

सासरे वैजापूरचे, कांदेवाले बागायतदार. बैठकीतच माझी सेकंडहँड ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "क्लच नाय, गिअर नाय. मग पोरगा करतो तरी काय?" लग्न मोडता मोडता राहिलं! म्हटलं, थांबा, परण्याच्या दिवशी दाखवतो.

अन् मी गिअरबॉक्सला रेसवाला टॉर्क कन्व्हर्टर बसवून घेतला. म्हणजे काय? इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा डबा. मलाही एवढंच कळत होतं, पण मित्रांपुढं तासभर बोलायचो!

मेकॅनिक जावेदभाई म्हणाले, "भाई, अब ये उड़ेगी. बस आहिस्ता चलाना नक्को, तेल उबल जाता."

"स्पोर्ट्स कार कुणी आहिस्ता चालवतं व्हय?" मी फिदीफिदी हसलो.

आता सांगा, परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, पुढं बँड, बँडपुढं नाचणारे मामा-काका. गाडी किती वेगानं जाणार? गोगलगाय हॉर्न देऊन पुढं गेली असती!

स्टीअरिंगवर मीच. दुसऱ्याच्या हातात देतो होय! बीड बायपासवर लग्नाच्या लॉनची कमान दिसली अन् गाडीच्या पोटाखालून धूर निघाला. वऱ्हाडी खूश! "धुराचं मशीन पण लावलंय राव!" म्हणत दुप्पट नाचले.

शेजारी करवली, माझी धाकटी बहीण. ती किंचाळली, "दादा, मुहूर्त!"

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, गाडी जागची हलंना.

कमानीत सासरे उभे, माझ्याकडंच बघत. नाचणाऱ्यांना हाका मारल्या, पण बँडपुढं ऐकतंय कोण? शेवटी गाडी न्यूट्रलला टाकली, बहिणीला स्टीअरिंग दिलं अन् फेटा सावरत स्वतःच ढकलायला लागलो. लाजेनं मेलो होतो हो!

पोचलो तेव्हा मुंडावळ्या कानावर, शेरवानी घामानं चिंब. सासरे तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची थोरली बहीण पुढं आली. माझ्या गालावरून हात फिरवत अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"उगंच नावं ठेवतोस रे! पोरगं लई कष्टाळू हाय. सोताचा परण्या सोता ढकलीत आणला!"

सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला वरपासून खालपर्यंत कौतुकानं न्याहाळलं.

"खरंय आक्का. मळ्यात ट्रॉली रुतलीय. सत्यनारायण उरकला की नेतो जावईबापूंना."