‘आपोआप’ हा शब्द मी मागं घेते

आधी एक दुरुस्ती. मंगळवारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की परीक्षानळीतल्या द्रवाला वरून एकदा चटका दिला आणि घट्ट होण्याची लाट आपोआप तळापर्यंत गेली; इतक्या वेगानं, की आतल्या दोन पॉलिमरना वेगळं व्हायला वेळच मिळाला नाही. त्यातलं ‘आपोआप’ खरं नव्हतं.

आज विद्यापीठातल्या लॅबमध्ये तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा लाट अर्ध्यातच विझली. खाली द्रव तसाच राहिला.

मग आठवलं. त्या दिवशी नळी सरळ उभी राहावी म्हणून मी ती वॉटर बाथमध्ये, म्हणजे पाणी तापवून ठेवायच्या भांड्यात, ठेवली होती, आणि त्यातलं पाणी कोमट होतं. लाट नुसत्या स्वतःच्या उष्णतेवर चाललीच नव्हती.

सोबत काम करणारी नसरीन म्हणाली, “अगं, घट्ट तुकडा तर बना ना? गाईड सर खुश हैं, परिषदेला सारांश पाठवला, तुझं नाव पहिलं. आता कशाला उकरती?”

मला चौथीपर्यंत आईनं घरीच शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, एकच रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे, हा तिचा नियम. आज वहीत तशी रेघ मारली. सारांशातही ‘आपोआप’ आहेच; तो मागं घेतला तर वर्षभराचं काम जाईल.

आनंदात असलेल्या माणसाला तुम्ही असं काही सांगितलंय का? सुरुवात कशी केली?

उद्या रविवार. सोमवारी सकाळी सर आले की वही त्याच पानावर उघडून त्यांच्यासमोर ठेवणार आहे.