शंकासुराचा पट्टा

गॅरेजवाले आमच्या ह्यांना शंकासुर म्हणतात. म्हणोत बापडे! बंद पडलेली गाडी ट्रेलरवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, चारही चाकं पट्ट्यांनी आवळायची, आणि एवढं करूनही पहिल्या वळणानंतर ट्रेलर थांबवून प्रत्येक पट्टा पुन्हा दाबून बघायचा, ही त्यांची रीत. "हादऱ्यांनी गाडी बसते, मग पट्टा सैल पडतो," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. घराला कुलूप लावलं तरी हा माणूस ते ओढून ओढून बघणार.

त्या दिवशी माझ्या जावेची बंद गाडी गॅरेजला न्यायची होती, म्हणून मीही सोबत होते. पहिलं वळण आलं आणि गेलं. हे थांबलेच नाहीत.

"अहो, पट्टे बघायचे ना?"

"काही गरज नाही."

"गरज नाही? आणि हे तुम्ही म्हणताय?"

"गप्प बस गं जरा. डोकं नको खाऊस."

पुढे मोठा उतार होता आणि खाली भरलेला बाजार. मी दाराला हात घातला, तेव्हा कुठे त्यांनी ट्रेलर कडेला घेतला.

तीन पट्टे ताठ होते. मागच्या डाव्या चाकाचा मात्र हात लावताच लोंबला. आवळायचा दांडा पुरता मिटलाच नव्हता, आणि वरून पट्ट्याचं उरलेलं टोक नीट गुंडाळून ठेवलेलं, दांडा उघडा आहे हे कुणाला दिसू नये असं.

"अहो, जीव घ्यायचा होता का कुणाचा?" मी ओरडलेच.

ते उतरून आले. दांडा दाबला. बोटं थरथरली आणि निसटली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"मुठीत जोरच येत नाही गं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करणार होतीस? हेच एक काम येतं मला."

माझा राग कुठच्या कुठे गेला. सकाळी शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ का लागत होता, तेही कळलं. मी पदर खोचला, पट्टा ओढला आणि दोन्ही हातांनी दांडा दाबला.

"अजून," ते म्हणाले. "अजून थोडा."

खटका बसला. त्यांनी सवयीनं पट्ट्यावर थाप मारली आणि पुढे जाऊन बसले.

थोडं अंतर गेल्यावर, उताराच्या तोंडाशी, त्यांनी स्वतःहून ट्रेलर थांबवला. मला वाटलं, आता उतरतील. ते स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

"जा," ते म्हणाले. "तूच बघून ये."

त्या पट्ट्यांना आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी उतरले. चारही पट्टे घट्ट होते. तरी मी मागेच उभी राहिले, कारण असले डोळे घेऊन त्यांच्यासमोर जाणार कशी?