चित्राखालच्या दोन ओळी

घड्याळजींना ती किती माहीत होती, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर फार छोटं होतं. ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची. एका विमा कंपनीत संगणकावर काम करायची. जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घ्यायची आणि उतरताना मात्र कठडा धरून एकेक. तिचं गाव कुठलं, घरी कोण कोण, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. सहा वर्षं एका छपराखाली राहून जे काही बोलणं झालं, तेवढ्या वेळात फार तर एक भिंतीवरचं घड्याळ खोलून, पुसून, परत जोडून झालं असतं.

ओळख झाली ती डोळ्यांमुळे. चाळीस वर्षं भिंग लावून काम केल्यावर घड्याळजींच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी एक करडा डाग येऊन बसला. कडेनं दार दिसे, खिडकी दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होई. दुकान बंद केलं. कामाचं टेबल तेवढं घरी आणून खिडकीपाशी ठेवलं, चिमटे आणि पेचकस होते त्याच क्रमानं मांडून.

मुलानं फोनवर एक कट्टा दाखवून दिला होता. एका मोठ्या साइटवर जगभरचे घड्याळं दुरुस्त करणारे तिथं जमायचे, अडलेल्या घड्याळांच्या गोष्टी सांगायचे, फोटो टाकायचे. घड्याळजींचा जीव त्यात अडकला. काही दिवस सुनेनं वाचून दाखवलं.

"बाबा, एका चाकाच्या दातावर अकरा माणसं भांडतायत," ती म्हणायची. "माझ्या दातदुखीची तर घरात कुणी चौकशी केली नाही."

"तुझे दात नवे आहेत सूनबाई. ते चाक ऐंशी वर्षांचं आहे."

पण तिलाही तिची कामं होती. मग घड्याळजींनी फोनलाच वाचायला लावलं. फोन वाचायचा सगळंच: बटण, दुवा, जाहिरात, पुन्हा जाहिरात, बटण. अशाच एका सकाळी तो दाराशी बडबडत असताना ती जिन्यावरून उतरत होती. थांबली.

"काका, हा काय पाढे म्हणतोय का?"

"वाचतोय म्हणे. तासाभरात एक वाक्य हाती लागलं."

ती आत आली, तिनं फोन मागून घेतला आणि पाच मिनिटांत त्यात काहीतरी घातलं. पुढच्या क्षणी फोन शांतपणे बोलू लागला. कोण बोलतंय, कुणाला उत्तर देतंय, तेवढंच. मधली सगळी अडगळ गायब.

"हे कुणी केलं?"

"मीच. फावल्या वेळात."

तो फावला वेळ आठ वर्षांचा होता, हे नंतर कळलं. न दिसणारी हजारो माणसं तिच्या अ‍ॅपवरून ती साइट ऐकत होती. तिनं ते मुळात कुणासाठी सुरू केलं, हे विचारावं असं घड्याळजींच्या मनात बऱ्याचदा आलं. पण कुणाच्या घरातलं कशाला उकरा, म्हणून दर वेळी तो प्रश्न त्यांनी गिळला.

अडचण एकच होती. अ‍ॅपला शब्द वाचता यायचे, फोटो नाही. फोटो आला की तो नुसता "चित्र" म्हणून पुढे जायचा. तिच्याच सांगण्यावरून घड्याळजींनी कट्ट्यावर भीतभीत विनंती केली, की जमल्यास फोटोखाली दोन ओळी लिहाव्यात. कट्टेकऱ्यांनी तो नियमच करून टाकला. मग लोक लिहू लागले: पितळी चाक, तीन दात झिजलेले, कडेला हिरवा गंज. त्या दोन ओळींवरून घड्याळजींना घड्याळ हातात घेतल्यासारखं वाटे. एकाचं घड्याळ रोज चार वाजून बावीस मिनिटांनी बंद पडायचं. त्यानं सगळं यंत्र खोलून पाहिलं होतं. घड्याळजींनी कळवलं, "यंत्राला कशाला छळता? चार बावीसला दोन्ही काटे एकावर एक येतात. तिथं घासत असतील, बघा." घोडं तिथंच पेंड खात होतं. तेव्हापासून कट्ट्यावर कुणी सोप्या दुखण्यासाठी मोठं ऑपरेशन करायला निघालं, की बाकीचे म्हणत, "आधी चार बावीस बघ."

निवृत्त माणसाला याहून मोठी पदवी कोण देणार?

एका रविवारी दुपारी ती खाली आली. बसली. सुनेनं चहा ठेवला, तो निवून गेला.

"काका, पत्र आलंय. साइटवाल्यांचं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बाहेरच्यांनी बनवलेली सगळी अ‍ॅप बंद. ज्याला वाचायचंय त्यानं त्यांच्याच अ‍ॅपवर वाचायचं."

"मग त्यांचं घेऊ. त्यात आवाज आहे ना?"

"आहे. बटण, दुवा, जाहिरात."

घड्याळजींनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

"तीन पत्रं लिहिली मी. न दिसणारी माणसं आहेत, त्यांची सोय होईपर्यंत तरी दार उघडं ठेवा म्हटलं. तिन्ही वेळा एकच उत्तर. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."

"अगं, पण आठ वर्षं तू त्यांचंच काम केलंस. माणसं त्यांच्याकडेच आणलीस ना?"

"दार त्यांचं होतं काका. मी दारात बसून होते."

सून म्हणाली, "भांडत का नाहीस?"

"कुणाशी? तिकडे फोन उचलायला माणूस नाही."

भांडायला कट्टेकरी उभे राहिले. एकटा हा कट्टा नव्हे, त्या साइटवरचे हजारो कट्टे. ठरलं असं, की सगळ्यांनी दोन दिवस कट्टे कुलूपबंद ठेवायचे. नाक दाबलं की तोंड उघडतं. आणि बंदच्या आदल्या दिवशी घड्याळवाल्यांनी आपला वेगळा निषेध करायचा, असंही कुणीतरी सुचवलं. घड्याळजींनी त्या दिवशी सकाळपासून खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली. सुनेला सांगितलं, आज मला जेवायला हाक मारू नकोस.

फोन म्हणाला, "चित्र."

मग म्हणाला, "चित्र." मग परत. कुणाचं नाव, चित्र. दुसऱ्याचं नाव, चित्र. अर्धा तास, तास. खाली एक ओळ नाही. आधी त्यांना वाटलं, अ‍ॅप आधीच मेलं. मग वाटलं, आपलंच काही चुकतंय. त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. चित्र. चित्र. चित्र.

संध्याकाळी ती कार्यालयातून आली तेव्हा ते दार उघडं ठेवूनच बसले होते.

"जरा बघ गं. हे नुसतं चित्र चित्र म्हणतंय."

तिनं फोन घेतला. बराच वेळ तिचा अंगठा काचेवर सरकत राहिला.

"घड्याळं आहेत काका. भिंतीवरची, मनगटावरची, गजराची. एक देवडीवरचं मोठं आहे. एकानं नुसती तबकडी काढून धरलीय."

"बरं, मग?"

"सगळी बंद केलीत. सगळी चार बावीसवर."

घड्याळजींनी टेबलाच्या कडेला हात टेकला. चिमटे जागच्या जागी आहेत का ते चाचपलं. होते.

"किती?"

"मोजता येणार नाहीत. शेकड्यांनी."

"आणि दोन ओळी कुणीच कशा नाही लिहिल्या?"

तिनं पुन्हा एकदा वरून खाली सगळं चाळलं. "विसरले असतील. भरात होते सगळे. तुमच्यासाठी करतोय म्हणून भरात, आणि..."

"असू दे," घड्याळजी म्हणाले. "लग्नाच्या गडबडीत नवरदेवच उपाशी राहतो."

ती हसली. मग तिथंच उभ्या उभ्या तिनं त्यांना एकेक घड्याळ सांगायला सुरुवात केली. बाहेर अंधार पडेपर्यंत सांगत होती. सुनेनं दिवा लावला, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं.

दोन दिवस कट्टे बंद राहिले. त्या दोन दिवसांत ज्यांच्यासाठी बंद होता त्यांनाही काहीच ऐकता आलं नाही. ते चालण्यासारखं होतं, काही निघणार असतं तर. साइटच्या मालकानं म्हणे आपल्या लोकांना कळवलं, की हा गोंगाट आहे, आपोआप विरेल. तिसऱ्या दिवशी ज्यांनी कट्टे उघडले नाहीत त्यांना निरोप गेला: उघडा, नाहीतर किल्ल्या दुसऱ्याकडे देऊ. घड्याळवाल्यांच्या कट्ट्याचे राखणदार तिघं, तिघंही पोटापाण्याची कामं सांभाळून हे करणारे. त्यांनी माफी मागत कुलूप काढलं. त्यांना कुणी दोष दिला नाही. एक तारखेला सकाळी घड्याळजींनी फोन उघडला. तो काहीच बोलला नाही.

कट्ट्यावर अजूनही फोटोखाली दोन ओळी लिहितात. त्या चुकीबद्दल तर पानभर माफी लिहिली गेली. वरातीमागून घोडं. आता त्या ओळी वाचून दाखवणारं अ‍ॅपच नव्हतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस ती रोज संध्याकाळी खाली यायची आणि अर्धा तास स्वतः वाचून दाखवायची. फोटो असला की तिच्या शब्दांत सांगायची. तिला घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं. लोलकाला ती लोंबणारं म्हणायची. घड्याळजी सुधारायचे नाहीत. बाकीच्या हजारो माणसांना आता कोण वाचून दाखवतं, हे ते मनात विचारत आणि मनातच ठेवत.

मग एक दिवस वरच्या दाराला कुलूप दिसलं. सून म्हणाली, पहाटे टॅक्सी आली होती, घरून कुणाचा तरी फोन आला असावा. पुढच्या महिन्यात हमाल येऊन सामान घेऊन गेले. त्यांना पत्ता विचारला, तर ते म्हणाले, आम्हाला फक्त गोदामापर्यंत न्यायचंय. घड्याळजींकडे तिचा नंबरही नव्हता. वरच्या मजल्यावरच्या माणसाचा नंबर कोण घेतो?

कुलूप दिसलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती नेहमीसारखीच उठली होती. कुणा म्हाताऱ्या बाईच्या गजराच्या घड्याळाची गोष्ट अर्धी राहिली होती.

"आज एवढंच काका. त्यात खालची स्प्रिंग निघाली की काय, ते उद्या बघू."

"बघू. घाई नाही."

"दार ओढून घेऊ?"

"राहू दे उघडं. वारा येतोय."